कोटणीस जयंतीच्या दोन तासिका : चिनी माणूस शिक्षणाला एवढं का मानतो, हे आठवीला कसं दाखवावं?

पाटीपेन्सिल :
नमस्कार मंडळी. १० ऑक्टोबरला चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची जयंती. सोलापुरातल्या शाळांचा कार्यक्रम ठरलेला असतो : रांगेने भैय्या चौकातल्या स्मारकात जायचं, हार घालायचा, एक भाषण, परत. यंदा आठवीला ३५-३५ मिनिटांच्या दोन जोड तासिका मिळाल्या आहेत आणि विषय आहे चीन व शिक्षण. पट ५४ चा.

"चिनी लोक कष्टाळू, त्यांच्यात शिक्षणाला फार मान" एवढ्यावर मुलं जांभया देतील. मान म्हणजे नेमकं काय मिळायचं? जुनी परीक्षा प्रत्यक्षात कशी चालायची? आजची गाओकाओ, म्हणजे त्यांची महाविद्यालय-प्रवेशाची परीक्षा, कशी असते? आणि यातलं काय वर्गात करून दाखवता येईल? साहित्यात खडू, पुठ्ठा, कोरे कागद, लाल-काळी पेनं एवढंच धरा. प्रोजेक्टर आहे, पण लाइटीचा भरवसा नाही. शिवाय गणिताच्या सरांनी विचारलंय की चिनी मुलांची ती 'चुकांची वही' काय भानगड आहे.

भुईकोट :
ताई, कन्फ्यूशियसपासून सुरुवात करू नका, परीक्षेपासून करा. विद्येला नमस्कार सगळं जग करतं. चीनने त्या नमस्काराला पद, सवलत आणि घराण्याची इज्जत जोडली, आणि हे सगळं परीक्षेच्याच दारातून मिळेल अशी व्यवस्था सुमारे १३०० वर्षं चालवली. सुई घराण्याच्या काळात, इ.स. ६०५ च्या सुमारास सुरू झालेली ही परीक्षा (केजू) १९०५ मध्ये बंद झाली. मंगोल राजवटीत काही दशकं खंड पडला होता, तेवढा सोडून द्या.

मिंग (१३६८-१६४४) आणि छिंग (१६४४-१९१२) काळातल्या पायऱ्या मुलांना पूर्व-मुख्य-मुलाखत या भाषेत लगेच कळतील. तालुका-जिल्ह्याच्या परीक्षा पार केल्या की 'शिउत्साय'. मग तीन वर्षांतून एकदा प्रांताच्या राजधानीत मोठी परीक्षा, ती निघाली की 'ज्यूरेन'. त्यानंतर बीजिंग, आणि शेवटी राजवाड्यातली एका दिवसाची परीक्षा. त्यातून बाहेर पडला तो 'चिनशी'. त्यात देशात पहिला आलेला 'च्वांगयुआन'. छिंग घराण्याच्या अडीचशेहून अधिक वर्षांत चिनशी झाले सुमारे २६-२७ हजार. एवढ्या अवाढव्य देशातून वर्षाला सरासरी शंभर! हा आकडा फळ्यावर लिहाच.

पण खरा मुद्दा सगळ्यात खालच्या पायरीचा आहे. नुसता शिउत्साय झाला तरी माणसाला वेठबिगारीतून सूट मिळायची, तालुक्याच्या हाकिमापुढे गुडघे टेकावे लागत नसत, आणि पदवी काढून घेतल्याशिवाय त्याला फटके मारता येत नसत. घरात असा एक जण असला की अख्ख्या भावकीला सरकारदरबारी तोंड मिळायचं. म्हणून भावकी सामाईक जमीन बाजूला ठेवायची आणि तिच्या उत्पन्नावर एखाद्या हुशार पोराला वर्षानुवर्षं शिकवायची. पोरगा ज्यूरेन किंवा चिनशी झाला की कुलमंदिरापुढे ध्वजस्तंभ उभा राहायचा. 'शिक्षणाला मान' म्हणतात तो हा. त्यात श्रद्धा होती तसा हिशेबही होता.

आता वर्गात करायचं ते. पुठ्ठ्याचं मॉडेल करत बसू नका. वेळ जातो, आणि मागच्या बाकावरून काही दिसत नाही. जमिनीवर खडूने १ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल चौकट आखा. प्रांतिक परीक्षेतल्या एका उमेदवाराची खोली साधारण एवढीच. तीन बाजूंना भिंत, समोरची बाजू उघडी, वर कौलं. नानजिंगच्या परीक्षा-आवारात अशा २० हजारांवर खोल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या भिंतींत जमिनीपासून सुमारे दीड आणि अडीच फुटांवर खोबणी, आणि उमेदवाराला दोन फळ्या. एक फळी वरच्या खोबणीत सरकवली की टेबल, दुसरी खालच्या खोबणीत घातली की बैठक. रात्री वरची काढून खालचीच्या शेजारी टाकायची, झाला पलंग. वर्गातल्या उंच मुलाला त्या चौकटीत आडवं व्हायला सांगा. कर्ण काढला तर १.६ मीटर येतो, म्हणजे तिरकं झोपूनही पाय मुडपावेच लागतात. पायथागोरसही होऊन जाईल.

परीक्षा तीन फेऱ्यांत. चिनी आठव्या महिन्याच्या ९, १२ आणि १५ तारखेला. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी आत जायचं आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचं, म्हणजे फेरीमागे दोन रात्री त्या खोलीत. १५ तारीख म्हणजे त्यांची शरद पौर्णिमा. आपल्याकडे ती भाद्रपदाची पौर्णिमा असते, एखाद्या वर्षी चक्क कोजागरी. घरोघरी सण आणि हा गडी चौकटीत.

खोल्यांच्या रांगांना नावं होती ती 'हजार अक्षरांची पोथी' नावाच्या बालपुस्तकातल्या अक्षरांवरून. त्यात एक हजार वेगवेगळी अक्षरं एकदाही पुनरावृत्ती न होता येतात, त्यामुळे क्रमांकासारखी वापरायला सोयीची. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचे रांजण, शेवटाला शौचकूप. त्या टोकाची खोली वाट्याला आली की माणूस निम्मा तिथेच नापास. दारावर झडती व्हायची. कपडे एकपदरी, अस्तर नको. शाईचा दगड पातळ हवा. खाण्याचे पदार्थ कापून बघायचे. तरीही अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरांत पोथ्या लिहिलेले सदरे आज संग्रहालयांत आहेत.

बाद कशाने व्हायचं तेही सांगा, मुलांना ते फार आवडतं. कागदावर डाग, मधलं पान कोरं, सम्राटाच्या नावातलं (लिहायला बंदी असलेलं) अक्षर चुकून तसंच लिहिलं, की उत्तर वाचायच्या आधीच नाव निळ्या यादीत लागायचं. आणि निबंध हवा तसा लिहून चालत नसे. 'आठ पायांचा निबंध' म्हणतात त्याला. आधी दोनेक वाक्यांत विषय फोडायचा, मग तो पुढे न्यायचा, मग समांतर परिच्छेदांच्या चार जोड्या, म्हणजे आठ पाय, आणि मग समारोप. मर्यादा छिंग काळाच्या उत्तरार्धात ७०० अक्षरं. पहिल्या जोडीतल्या एका परिच्छेदात जितकी वाक्यं, ज्या घडणीची, तितकीच त्याच घडणीची दुसऱ्यात. विषय कन्फ्यूशियस परंपरेतल्या चार ग्रंथांतल्या एखाद्या तुकड्यावर, आणि लिहायचं ते जणू त्या प्राचीन ऋषीच्या तोंडून. स्वतःचं मत कुणी विचारलेलं नाही.

जेकार्ड :
भुईकोट यांनी परीक्षेचं छान मांडलंय, पण तुमच्या वर्गात पूर्व भागातली, म्हणजे विणकरांच्या घरची मुलं असतील तर मेंग्झी (मेन्शियस) या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या आईची गोष्ट टाळू नका. मागाची गोष्ट आहे ती, आणि सोलापुरात ती जितकी कळेल तितकी दुसरीकडे कळणार नाही.

लिऊ श्यांग याने इ.स.पू. पहिल्या शतकात थोर स्त्रियांची चरित्रं लिहिली, त्यात ती येते. आई कापड विणून घर चालवते. मुलगा शाळेतून येतो. अभ्यास कुठवर आला, असं ती विचारते. तो म्हणतो, होता तिथेच आहे. ती सुरी घेते आणि मागावरचं अर्धवट कापड कापून टाकते.

पुस्तकात वाचणाऱ्याला वाटतं, कापडाचं नुकसान केलं. माग बघितलेल्या मुलाला विचारा, खरं नुकसान कशाचं. विणलेला पट्टा गेलाच, पण ताणा (उभे धागे) कापला गेला. आता एकेक तार मागाच्या वहीतून (तारा वर-खाली करणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटीतून), फणीतून पुन्हा ओढा आणि सांधा. शेकडो तारा. बाणा (आडवा धागा) तुटला तर धोट्यातली कांडी बदलून पुढे जाता येतं, ताणा कापला की सगळं मुळापासून. आईचं म्हणणं हेच होतं : अभ्यास मधेच सोडणं म्हणजे बाणा तुटणं नव्हे, ताणा कापणं. वर्गात करायचं तर जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला दोन्ही टोकांना २०-२० खाचा पाडा, दोरा गुंडाळून ताणा करा, लोकरीने चार बोटं विणा आणि सगळ्यांसमोर कात्री चालवा. मग एका मुलाला तो परत सांधायला द्या. पाच मिनिटांत सांगायचं ते कळतं. दोरा ढिला गुंडाळला तर कात्री लावल्यावर नुसता गुंता होतो आणि मुलं हसतात. म्हणून ताण घट्ट ठेवा.

याच आईने तीनदा घर बदललं. स्मशानाजवळ पोरगा अंत्ययात्रा-अंत्ययात्रा खेळायचा, बाजाराजवळ विक्रेत्याची नक्कल करायचा, शाळेजवळ आल्यावर रीतिरिवाजाचे खेळ खेळू लागला. आपल्याकडे ही गोष्ट 'कडक शिस्तीची आई' म्हणून सांगतात, ती गल्लत आहे. या भागात ती पोराला काहीच बोलत नाही. फक्त शेजार बदलते.

एक साम्य आणखी. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला की आपण नमस्कार करतो, दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतो. चीनमध्ये लिहिलेला कागद कचऱ्यात टाकणं पाप मानत. असे कागद टोपलीत गोळा करून खास विटांच्या भट्टीत जाळायचे, आणि राखसुद्धा बऱ्याच ठिकाणी नदीत किंवा समुद्रात सोडायची. अशा भट्ट्या काही गावांत अजून उभ्या आहेत. अक्षर कुणाचंही असो, हिशेबाचं का असेना, मान अक्षराला.

बेरीजवजाबाकी :
गाओकाओचं थोडक्यात. ७ आणि ८ जूनला असते, काही प्रांतांत ९-१० पर्यंत चालते. २००३ च्या आधी जुलैत असायची. उन्हामुळे महिनाभर अलीकडे आणली. बहुतेक प्रांतांत एकूण गुण ७५० : चिनी भाषा १५०, गणित १५०, परकीय भाषा १५०, उरलेले ३०० निवडलेल्या विषयांचे. नव्या पद्धतीत भौतिकशास्त्र किंवा इतिहास यातलं एक घ्यावंच लागतं, आणि रसायन, जीवशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल यातले दोन. पहिल्या दिवशी सकाळी ९ ते ११.३० भाषा, दुपारी ३ ते ५ गणित. भाषेच्या १५० पैकी ६० गुण एकट्या निबंधाला, किमान ८०० अक्षरं. छिंग काळात ७०० ची कमाल मर्यादा होती, आता ८०० ची किमान आहे. मुलांना हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवा.

माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) ही परीक्षा बंद होती. १९७७ च्या हिवाळ्यात परत सुरू झाली तेव्हा ५७ लाख बसले आणि जागा मिळाली सुमारे २ लाख ७३ हजारांना. शंभरात पाचसुद्धा नाहीत. शेतात नि कारखान्यात दहा-दहा वर्षं काढलेले लोक आणि नुकती शाळा संपवलेली पोरं एकाच बाकावर होती. आजच्या आजी-आजोबांच्या पिढीत परीक्षेबद्दल जी श्रद्धा आहे ती त्या एका वर्षामुळे, कुठल्या प्राचीन ग्रंथातून आलेली नाही. २०२४ मध्ये नोंदणी होती १ कोटी ३४ लाख. आता कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात जागा बहुतेकांना मिळते. मारामारी आहे ती वरच्या मूठभर विद्यापीठांसाठी.

आणि घोकंपट्टीबद्दल. 'चिनी मुलं रट्टा मारतात' असं आपण सहज म्हणतो. आपलं लेकरू मुळाक्षरं आणि बाराखडी शिकलं की दुकानाची पाटी वाचायला लागतं, अर्थ कळो न कळो. चिनी मुलाला तशी सोय नाही. सहावीच्या अखेरीस सुमारे ३००० अक्षरं ओळखता आणि २५०० लिहिता यावीत, अशी अभ्यासक्रमाची अपेक्षा असते. रोज चौकोनी घरांच्या वहीत गिरवल्याशिवाय हे होत नाही. हा लिपीचा धर्म आहे, स्वभावाचा नव्हे.

गणितात मात्र भाषा त्यांच्या बाजूने आहे. अकरा म्हणजे 'दहा-एक', त्रेसष्ट म्हणजे 'सहा-दहा-तीन'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. ते लोक पूर्वीपासून तसंच मोजतात. पाढेही त्यांचे नऊ नव्वेपर्यंतच, आणि ३×७ पाठ असेल तर ७×३ वेगळं नाही, म्हणून एकूण ४५ ओळी. आपल्या आजोबांकडे तीसपर्यंत पाढे, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी. तेव्हा पाठांतराच्या बाबतीत चीनकडे बोट दाखवायचा अधिकार आपल्याला तरी नाही :)

पाटीपेन्सिल :
खूप आभार सगळ्यांचे. खडूची चौकट आणि पुठ्ठ्याचा माग नक्की. एक शंका : इतकी मोठी परीक्षा, तर वशिला चालत नसेल का? मुलं हेच पहिलं विचारणार. आणि ते वर्गात दाखवता येईल का?

भुईकोट :
येईल, आणि दुसरी तासिका यालाच द्या. सुंग काळात (९६० ते १२७९) दोन युक्त्या रुळल्या. पहिली : नावाचा भाग दुमडून चिकटवायचा. दुसरी : परीक्षकाने अक्षर ओळखू नये म्हणून कारकुनांकडून अख्खी उत्तरपत्रिका नकलून घ्यायची. छिंग काळात उमेदवार काळ्या शाईत लिहायचा, कारकून लाल शाईत नक्कल करायचे, तपासनीस दोन्ही ताडून बघायचे, आणि परीक्षकाच्या हातात पडायची फक्त लाल प्रत. क्रम लागल्यावर आकडा जुळवून मूळ काळी प्रत काढायची आणि मगच नाव उघडायचं.

वर्गात असं करा. ५४ मुलांचे सहा-सहाचे नऊ गट. प्रत्येक गटात तिघे उमेदवार, एक नकलनवीस, एक ताडणारा, एक परीक्षक. परीक्षकांना आधीच वर्गाबाहेर काढा. ही पायरी विसरली तर सगळंच फसतं, कारण कोण काय लिहितंय ते त्यांना दिसतं. उमेदवारांनी काळ्या पेनने चारच ओळी लिहायच्या, विषय 'पाणी'. वेळ ६ मिनिटं. वरच्या उजव्या कोपऱ्यात नाव, तो कोपरा आत दुमडून डिंकाचं बोट, त्यावर एक आकडा. नकलनवीसाने लाल पेनने तीनही उतारे नकलायचे, आकडा तोच, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तशीच ठेवायची. याला १० मिनिटं धरा, इथेच वेळ खातो. ताडणाऱ्याने ४ मिनिटांत फरक शोधायचे. मग परीक्षक आत, लाल प्रतींवरून क्रम लावायचा, ५ मिनिटं. शेवटी कोपरे उघडायचे. परीक्षकांना आधी विचारा, 'तुझ्या मित्राचा उतारा कोणता?' मग काळी प्रत दाखवून तोच प्रश्न. फरक त्यांचा त्यांनाच कळेल. डिंकाऐवजी स्टेपलर वापरू नका, कोपरा उचकटून नाव दिसतं.

मग वशिला कसा चालायचा? अक्षर झाकलं तर शब्दांत खूण ठेवायची. निबंधाच्या अमुक ठिकाणी तमुक अक्षरं घालीन, असं आधीच परीक्षकाशी ठरवायचं. १८५८ मध्ये बीजिंगच्या प्रांतिक परीक्षेत हे उघडकीला आलं आणि मुख्य परीक्षक बाय च्युन, जो महामंत्र्याच्या दर्जाचा होता, त्याचा पुढच्या वर्षी शिरच्छेद झाला. वेळ उरला तर एका गटात उमेदवार नि परीक्षकाला गुपचूप असा शब्द ठरवू द्या; बाकीच्यांना पकडता येतोय का बघा.

आज शिरच्छेद नाही, पण राष्ट्रीय परीक्षेत संघटितपणे कॉपी पुरवणं हा २०१५ च्या दुरुस्तीपासून फौजदारी गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत कैद. आणि २०२५ मध्ये परीक्षेच्या तासांत तिथल्या मोठ्या एआय कंपन्यांनी फोटोतला प्रश्न सोडवून देण्याची सोय बंद ठेवली होती.

हिप्परगा :
सगळं वाचलं. चांगलं आहे, पण चित्र जरा गुलाबी व्हायला लागलंय. 'कुणीही गरीब पोरगा परीक्षा देऊन मंत्री' असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. बाया नव्हत्या, एकही नाही. मुलींच्या शाळांसाठी सरकारी नियम निघाले ते १९०७ मध्ये; आपल्याकडे सावित्रीबाईंची शाळा १८४८ ची, हा फरक सांगाच. नट, गुलाम, वेश्या आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना बंदी होती. आईबाप वारले की २७ महिने सुतक, त्यात परीक्षा नाही. आणि चार ग्रंथ पाठ करायला दहा-पंधरा वर्षं शेतात न जाता बसायला कुणाच्या घरी परवडतं? भावकीची जमीन हा अपवाद होता. कन्फ्यूशियसचं 'शिकवताना भेद करू नये' हे वचन खरं. अंमल तितका खरा नव्हता. हे त्या काळच्या पुण्या-काशीलाही लागू होतं म्हणा.

जागावाटपाचा मुद्दा राहिला. १३९७ मध्ये पास झालेले सगळेच्या सगळे दक्षिणेकडचे निघाले, उत्तरेत बोंब झाली, सम्राटाने परीक्षकांना जबर शिक्षा केल्या, आणि पुढच्या काही दशकांत उत्तर-दक्षिण कोटे ठरले. आजची गाओकाओ त्याच वाटेवर आहे. विद्यापीठं प्रांतवार जागा ठरवतात, आणि परीक्षा सहसा जिथे कुटुंबाची सरकारी नोंद (हुकोउ) आहे तिथूनच द्यावी लागते. बीजिंगमध्ये बांधकामावर काम करणाऱ्या बापाची मुलगी लहानपणापासून तिथल्या शाळेत शिकली तरी परीक्षेला बहुधा गावी परत. ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांचं आपल्याकडे काय होतं ते माहीत असलेल्या वर्गाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

शिकवण्यांबद्दल आपल्याकडे 'चीनने क्लासेस बंद केले' एवढंच पोचलंय. जुलै २०२१ चा तो आदेश नववीपर्यंतच्या मुलांच्या मुख्य विषयांपुरता आहे : नफ्यासाठी क्लास नको, शनिवार-रविवार आणि सुट्टीत नको. गृहपाठालाही मर्यादा. पहिली-दुसरीला लेखी काहीच नाही, तिसरी ते सहावी ६० मिनिटं, सातवी ते नववी ९०. कागदावर उत्तम. झालं काय, तर क्लास घरात शिरले, एकेकट्याला शिकवणारे गुपचूप मास्तर महाग झाले. कारण वरचं दार तेवढंच राहिलं. नववीनंतरच्या परीक्षेत बरीच मुलं व्यवसाय शाळांकडे वळवली जातात, आणि आईबापांना भीती गाओकाओपेक्षा त्या वळणाची जास्त. लातूर जवळ असलेल्या जिल्ह्याला हे मी काय सांगणार? आन्हुईत माओतानचांग नावाचं गावच्या गाव परीक्षेच्या तयारीवर जगतं. पोरासाठी आई खोली भाड्याने घेऊन वर्षभर तिथे राहते. लातूरच्या खोल्या आठवा, फक्त भात जास्त.

शेंगाचटणी :
मूळ कार्यक्रम डॉ. कोटणीसांचा आहे म्हणून दोन-तीन दुरुस्त्या, कारण फलकावर दरवर्षी चुकतं ओ. ते माओचे खासगी डॉक्टर नव्हते. १९३८ मध्ये गेलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकात होते. इतर अटल, चोळकर, बसू, मुखर्जी. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय ३२. लढाईत नव्हे, अपस्माराने. चिनी नाव 'क दिहुआ'. त्यातला 'हुआ' म्हणजे चीन. मुलाचं नाव इनहुआ, म्हणजे भारत-चीन.

तुमच्या विषयाशी जोडायचं तर हे घ्या : ते तिथे शस्त्रक्रिया करत, तसंच शिकवतही होते, आणि त्यासाठी चिनी भाषा शिकले. आज श्रिच्याच्वांग शहरात त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे, तिथले विद्यार्थी पुतळ्यासमोर शपथ घेतात. चीनमध्ये गुरूला मान द्यायची जी पद्धत आहे, तिच्यात सोलापूरचा माणूस असा बसलाय. दुसऱ्या तासिकेला शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा, नाहीतर पोरं घरी जाऊन म्हणतील, कोटणीसांच्या जयंतीला आम्ही डिंक लावलालो.

बेरीजवजाबाकी :
गणिताच्या सरांसाठी. चुकांची वही (त्सुओ-ती-बन) म्हणजे जादू नाही. दुरेघी वही, उघडलेल्या जोडपानाचा वापर. डाव्या पानावर चुकलेलं गणित जसंच्या तसं, उत्तर न लिहिता. उजव्या पानावर वर एकच ओळ : चूक कशाची, म्हणजे वाचण्यात, पायरीत, आकडेमोडीत की कल्पनाच कळली नव्हती. त्याखाली बरोबर रीत. तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उजवं पान झाकून डावीकडचं गणित पुन्हा सोडवायचं. तीनही वेळा आलं तर तिरकी रेघ मारून मोकळं व्हायचं. दिवसाला तीनपेक्षा जास्त गणितं घालू देऊ नका.

फसतं ते तीन ठिकाणी. मुलं रंगीत पेनांनी वही सजवतात आणि पुन्हा सोडवतच नाहीत. 'हलगर्जीपणा' हे एकच कारण दहा वेळा लिहितात. ते कारण म्हणून चालवून घेऊ नका, कुठल्या पायरीवर हात घसरला ते लिहायला लावा. आणि मास्तर वहीला गुण देतात, की संपलं, मग चुका लपायला लागतात.

याच्या जोडीला 'बदलतं गणित' करून बघा. एकच गोष्ट ठेवायची आणि दरवेळी एक दोरा हलवायचा. एका गठ्ठ्यात १२ चादरी, ५ गठ्ठ्यांत किती? मग, ६० चादरी आहेत, १२ चे गठ्ठे किती? मग ६५ चादरी, गठ्ठे किती आणि सुट्या किती? मग तेच ६५, एका पोत्यात १२ मावतात, सगळ्या न्यायच्या तर पोती किती? तिसऱ्यात ५ आणि सुट्या ५, चौथ्यात ६. इथे निम्मा वर्ग ५ लिहील. ती चूक त्या वहीचं पहिलं पान.